आठ सेकंदांचा दानिश

"चार वाजता माह्या पोराचं नाव कटते, बाई!"

अनवरीबी खुर्चीवर टेकायलाही तयार नव्हती. तेल्हाऱ्याहून मिळेल त्या एसटीनं ती अकोल्यात खासगी गुप्तहेर रुख्मिणी काळमेघच्या कचेरीत येऊन थडकली होती. रुख्मिणीचा मदतनीस नितेश हातात चहा घेऊन नुसता तिच्या मागे-मागे फिरत होता.

तिचा दानिश अमरावतीत सिनेमाच्या व्हीएफएक्सचं, म्हणजे संगणकावर दृश्यं जुळवण्याचं काम शिकत होता. हैदराबादच्या स्टुडिओनं वर्गातल्या तिघांतून त्याला निवडलं होतं. परवा वर्गातला महागडा कॅमेरा नाहीसा झाला. काल वर्ग चालवणाऱ्या देवमन सरांच्या टेबलावर कुणीतरी पेनड्राइव्ह ठेवला. त्यात आठ सेकंदांचा व्हिडिओ होता: दानिश कॅमेऱ्याची बॅग आणि ट्रायपॉड घेऊन दारातून निघालाय. आज चारला दानिशचं नाव निवडीतून कापणार, असं सरांनी तिला कळवलं होतं.

"अल्लाकसम, तो असा नाई," अनवरीबी म्हणाली.

रुख्मिणीनं गाडीची किल्ली उचलली.

तिघं अमरावतीत वर्गावर पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. दानिश जिन्यात गुडघ्यात डोकं घालून बसला होता. नितेशनं व्हिडिओ पाहिला आणि त्याला हसू आलं. "या दाराचं तर पोट सुटलंय! सुतारानं सूड उगवला वाटतं."

पण समोरचं खरं दार अगदी सरळ, ओळंब्यात होतं. व्हिडिओत वाकलेल्या त्या चौकटीला खेटून दानिश उभा, हातातला ट्रायपॉड पट्टीनं आखल्यासारखा ताठ.

"वाइड लेन्स आहे," देवमन सर म्हणाले. "कडेच्या सरळ रेषा ती वाकवतेच."

"मग दानिशला नंतर चिकटवला असेल का?" रुख्मिणीनं विचारलं.

"पण कॅमेरा हातात हलतोय," नितेश ठासून बोलला. "हलत्या चित्रात माणूस चिकटवणार कसा?"

"तेच तर इथं शिकवतो. कॅमेरा कसा हलला ते आधी शोधायचं. त्याला ट्रॅकिंग म्हणतात. मग बसवलेला माणूस घसरत नाही." सरांचा आवाज पडला. "गेल्या आठवड्यात तिघांनाही सामान घेऊन, मागचं सहज पुसता यावं म्हणून हिरव्या पडद्यापुढून चालवलं होतं. ते चित्रण तिघांकडे आहे. पण इतकं साफ काम पोरं करतील असं वाटलं नाही."

नितेश घड्याळ पाहून-पाहून कासावीस झाला. रुख्मिणीला घाई म्हणून नव्हतीच.

तिघांतली प्राजक्ता नखं कुरतडत आली. "नोकरी मलेबी पायजे होती. खोटं काहून बोलू?"

"चित्रात माणूस कसा बसवतेस?" रुख्मिणीनं विचारलं.

"आधी लेन्सचा बाक काढाचा. मंग ट्रॅक कराचं, माणूस बसवाचा. अन् शेवटी त्यालेबी तेवढाच बाक द्याचा."

तिसरा विद्यार्थी कुलदीप खुशीत होता. "सोपं हाय मॅडम. बाक काढला, ट्रॅक केलं, मूळ चित्रावर माणूस बसवला."

"मग?"

"मंग काय? रेंडर. व्हिडिओ तयार."

"कधी शिकलास हे?"

"मंगळवारी. बुधवारी मी मूर्तिजापूरले होतो, बहिणीचा साखरपुडा होता."

पावणेचारला रुख्मिणीनं सगळ्यांना पडद्यासमोर बसवलं.

"एकाच लेन्सनं, एकाच कडेला टिपलेलं दार वाकलंय आणि ट्रायपॉड ताठ. दानिश खरंच तिथं असता तर ट्रायपॉडही वाकला असता. म्हणजे तो नंतर बसवलाय. सर किंवा प्राजक्ता असते तर बसवलेल्या दानिशला बाक दिल्यावाचून राहिले नसते. बाक काढणं मंगळवारी शिकवलं, परत देणं बुधवारी. बरोबर ना, सर?"

सरांनी मान हलवली.

"बुधवारी एकच जण नव्हता. आणि त्याच्या लेखी रेंडर म्हणजे काम संपलं."

कुलदीपची खुशी कुठल्या कुठे गेली. "कॅमेरा नांदगाव पेठले हाय, मामाच्या खोलीवर," तो पुटपुटला. "मले वाटलं, दानिश गेला तं माहा नंबर लागन."

नितेशनं सुटकेचा निःश्वास सोडला. सर अनवरीबीपुढे हात जोडून उभे राहिले. "चूक झाली. पण तुम्हाला मी चारचं उगाच सांगितलं... दानिशचं नाव मी सकाळीच कापून स्टुडिओला कळवलंय."

इतका वेळ दाराशी उभी असलेली अनवरीबी आता कुठे खुर्चीवर बसली.

"लावा फोन," ती म्हणाली. "अन् स्पीकरवर लावा. माह्या पोरालेबी ऐकू द्या."