वडीइतकं मऊ

"घ्या नं मॅडम. घरची वडी हाय."

नागपूरच्या अस्थिनिर्मिती प्रयोगशाळेला लागून चहाची एक खोली होती. तिथे देवराव बोरकुटेने आपला डबा डॉ. मृणालिनी ओगलेंपुढे सरकवला. देवराव मूळचा चंद्रपूरकडचा, पेशी वाढवण्याच्या कामावर नव्यानेच लागलेला. मृणालिनीने चमचा टेकवला. वडी दबली आणि चमचा उचलताच पुन्हा वर आली. बेसनाची, लसणाच्या फोडणीची, मऊसूत पाटवडी होती ती.

मृणालिनीचा हात जागच्या जागी थांबला.

"देवराव, तुमच्याकडे वडी म्हणजे ही?"

"मंग? अजून कोणती असते?"

मृणालिनीच्या पुण्याच्या घरी वडी म्हणजे आल्याची वडी. दाताखाली कडकन मोडणारी.

हा फरक कोणाच्या संसारात आला असता तर चारचौघांत हसून सोडून देण्याजोगा होता. पण मृणालिनीला परक्या संज्ञांचा तिटकारा. पेशींना बसायला ज्या गाद्या लागतात, त्यांना तिने ताठरतेनुसार घरगुती नावं दिली होती: सगळ्यात मऊ ती साय, मधली खरवस, सगळ्यात कडक ती वडी. भाषणांत ही नावं सांगितली की टाळ्या पडत आणि बाई खूश होत. बाटल्यांवर मात्र नुसते क्रमांक होते. कोणतं नाव कोणत्या क्रमांकाचं, हे जुन्या मंडळींना तोंडपाठ होतं, म्हणून ते कुठे लिहून ठेवायचं कोणालाच सुचलं नाही. गेल्या महिन्यात ती दिल्लीला असताना देवरावने फोनवर विचारलं होतं, कोणत्या गादीवर ठेवू? ती घाईत म्हणाली होती, "वडीवर हो, वडीवर." त्याने बिचाऱ्याने एकेका बाटलीतली गादी बोटाने दाबून पाहिली असणार आणि आईच्या हातच्या वडीसारखी मऊ लागली ती निवडली असणार. नोंदवहीतही त्याने प्रामाणिकपणे "वडी" असंच लिहिलं होतं.

त्या पेशी सहा दिवसांपूर्वी अनसूया मेश्राम या रुग्णाच्या पायात, हाडाच्या फटीत सोडल्या होत्या.

"माह्यं काही चुकलं काय, मॅडम?" तिचा चेहरा पाहून देवरावने विचारलं.

"नाही हो," मृणालिनी म्हणाली. "छान झालीय वडी."

दुपारी शल्यचिकित्सक डॉ. यशोधन खापर्डे आले. तीन दिवसांनी मंजुरी समितीची बैठक होती. ही उपचारपद्धत राज्यभर वापरायला द्यायची की नाही, ते तिथे ठरणार होतं.

"मी आपला सुतार माणूस," खापर्डे खुर्ची ओढत म्हणाले. "कापायचं आणि जोडायचं. समितीने मला खोदून विचारलं तर? एकदा सोपं करून सांगा."

"पेशीला डोळे नसतात. ती पाय पसरते, खालची जमीन धरते आणि ओढून पाहते. जमीन हलली नाही, तर ती समजते आपण हाडात आहोत, आणि हाड घडवायला लागते. जमीन ओढल्यासरशी आली, तर ती चरबी होते."

"पण मी हाडाच्या जागी पायात भरला तो अस्थिपूरक तर लिबलिबीत होता. सुईतून जायला हवा ना!"

"म्हणून तर आधी चौदा दिवस कडक गादी. पेशीला जुनी जमीन आठवते. तिला मी ताठरता-स्मृती म्हणते. कडक जमिनीवर वाढलेली पेशी मऊ पूरकात गेली तरी कडक आठवून हाड करत राहते. शिवाय आपण वेगद्रव्य घालतो, त्यामुळे महिन्यांचं काम दिवसांत होतं."

"आणि समजा, चुकून मऊ आठवण घेऊन आल्या तर?"

खापर्डेंनी सहज विचारलं होतं. मृणालिनीने पाण्याचा घोट घेतला.

"तर पूरकावर जांभळा प्रकाश सोडून तो पायातच घट्ट करायचा. पेशी नवी जमीन शिकतात. मात्र चोवीस दिवसांच्या आत. त्यानंतर ती आठवण राहत नाही, स्वभाव होतो. मग काही करता येत नाही."

"चौदा दिवस बाहेर, म्हणजे पायात दहा. आपल्या मेश्राम बाईंचा आज सहावा. म्हणजे अजून चार दिवस हातात आहेत." ते हसले. "अर्थात आपल्याला त्याची गरज नाही."

"नाही," ती म्हणाली.

एकाच दिवसात दुसऱ्यांदा तिने हा शब्द उच्चारला, आणि या वेळी तो जास्त सोपा गेला, याची तिला लाज वाटली.

प्रकाश सोडायचा तर कारण लिहावं लागणार होतं. कारण लिहिलं की चौकशी, चौकशी आली की मंजुरी गेली. पन्नासेक रुग्ण यादीत वाट पाहत होते, त्यांचं काय, असं तिने स्वतःला विचारलं. प्रश्न चांगला होता, पण विचारण्यामागचा हेतू चांगला नव्हता, आणि ते तिला कळत होतं. तिने ठरवलं, बैठक नवव्या दिवशी आहे. ती संपली की लगेच सांगायचं. एक दिवस उरतोच.

सातव्या दिवशी ती वॉर्डात गेली. अनसूयाबाई वर्ध्याजवळच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. मोटारसायकलच्या अपघातात नडगीचं सहा सेंटीमीटर हाड गेलं होतं. बाई पडल्या पडल्या मोबाईलवर मुलींच्या खो-खोच्या संघाला ओरडत होत्या.

"मॅडम, डिसेंबरात जिल्ह्याच्या मॅचेस हायेत. तवर उभी राहीन नं?"

"बघू," मृणालिनी म्हणाली.

"तुम्ही बघू म्हणता म्हंजे होईलच."

मृणालिनी जिन्यात येऊन रडली. तोंड धुतलं आणि समितीसाठीची चित्रं नीट लावायला बसली.

बैठक दोन दिवस पुढे ढकलली गेली. मृणालिनीने स्वतःचं सांगणंही पुढे ढकललं. चोवीस दिवसांचा आकडा उंदरांवरचा आहे, माणसात थोडी सवलत असेल, असं तिने मनाशी धरलं. स्वतःच्याच शोधनिबंधावर अविश्वास दाखवायची तिची ही पहिलीच वेळ.

अकराव्या दिवशी मंजुरी मिळाली. पेढे आले. तिने पेढा तसाच टेबलावर ठेवला, खापर्डेंना आत बोलावलं, दार लावलं आणि सगळं सांगितलं.

खापर्डेंनी हातातला पेढा खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या पोराने चुकीची बाटली घेतली म्हणायची."

"त्याने चुकीची घेतली नाही. वडी म्हणजे कोणती, ते मी त्याला सांगितलंच नव्हतं. आणि ती चूक सहाव्या दिवशीही निस्तरता आली असती. काही चुकलं काय, असं देवरावने तेव्हा विचारलंही होतं मला. मीच नाही म्हणाले."

पुढचं न ऐकताच खापर्डे स्कॅन करायला गेले. ठरलेला स्कॅन पंधराव्या दिवशी होता. तासाभरात दोघं पडद्यासमोर उभी होती. पूरकात हाडाचा कणही नव्हता, सगळी चरबी. एवढं मृणालिनीने धरलंच होतं. हाड भरलं नाही तर नाही, पूरक काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू, हा तिचा शेवटचा आधार होता.

"हे पाहा," खापर्डे पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. "मी सहा सेंटीमीटरची फट भरली होती. आता अकराची आहे. हे काय आहे, डॉक्टर?"

तिला लगेच कळलं. कळायलाच हवं होतं, आधीच. ओढून पाहणाऱ्या पेशी फक्त तिने वाढवलेल्याच नव्हत्या. बाईंच्या चांगल्या हाडातल्या पेशीही शेजारची जमीन ओढून पाहतच होत्या.

"शेजार मऊ लागला त्यांना," ती म्हणाली. "इथे हाडाची गरज नाही असं समजून त्या असलेलं हाड विरघळवायला लागल्या. वेगद्रव्य पाझरून त्यांच्यापर्यंत पोचलंय, म्हणून इतक्या झपाट्याने. जे विरघळतं ते मऊ होतं, आणि मग त्याच्या पुढच्या पेशींना तेच जाणवतं."

"कुठे थांबेल?"

"सलग मऊ शेजार तोडला तर."

"म्हणजे पाय."

"गुडघ्याच्या वर. उद्याच."

खापर्डेंनी संमतिपत्र काढलं. "मी सांगतो त्यांना."

"नाही," मृणालिनी म्हणाली आणि कागद त्यांच्या हातातून घेतला.

अनसूयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग विचारलं, "तुम्हाले कधी समजलं?"

काल, असं म्हणता आलं असतं. आज, असंही.

"सहाव्या दिवशी."

"तवा वाचला असता?"

"हो. दहाव्या दिवसापर्यंत वाचला असता."

"सातव्या दिवशी तुम्ही इथं आल्या होत्या. मी डिसेंबराचं विचारलं होतं."

"हो."

बाईंनी पांघरुणाखालच्या पायावर हात ठेवला. दाबून पाहिलं, घोट्यापासून वर, सावकाश.

"बाटलीची चूक मी माफ करीन, मॅडम. पोरगं नवं हाय, नावात घोळ होते. पण ते चार दिवस माह्ये होते. ते तुम्ही परस्पर कसे वापरले?"

मृणालिनीने संमतिपत्र अजून हातातच धरलं होतं.

"द्या तो कागद," बाई म्हणाल्या. "कुठं सही करायची?"

मृणालिनीने बोट ठेवून जागा दाखवली.