पहिल्या वळणावरचा बांध

मच्छे गावाजवळच्या ऑलिंपिक क्रीडा उद्यानाची पहिली मोजणी सरकारी मोजणीदार भावकूअण्णांनीच केली होती. तेव्हा तिथे भाताची आणि रताळ्यांची शेते होती. मग कुंपण आले, दिव्यांचे मनोरे आले, अखेर लाल धावपट्टी आली. बारा वर्षांत सारे आपल्या नकाशाबरहुकूम उभे राहिले, याचा त्यांना निवृत्तीनंतरही अभिमान होता.

नात आरोही रोज सकाळी तिथेच सराव करी. रविवारी राज्य संघाची निवड होती.

"पहिल्या वळणावर वेळ जातोय, आज्जा," ती म्हणाली. "पाय आपोआप उचलतोय. सगळ्यांचाच. बांध वलांडल्यागत."

"पळायचं सोडून नाचतीयास व्हय?" अण्णांनी थट्टा केली, पण दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले. आठ मुली वळणावर आल्या आणि एकाच तिरक्या रेषेवर आठही जणींनी गुडघे उंच घेतले.

ती रेष त्यांच्या ओळखीची होती. नवरा गेल्यावर इथे शेत कसणाऱ्या अंबुबाईने स्वतः दगड रचून दिराच्या शेतापासून आपला तुकडा वेगळा केला होता. तो बांध नकाशात दाखवला असता, तर जमीन घ्यायला तिची वेगळी संमती लागली असती. आणि ती देणार नव्हती. अण्णांनी शेरा मारला : 'जागेवर बांध नाही.'

"मग मी कशावर हुबी हाय, अण्णा?" एवढेच तिने विचारले होते. वर्षाच्या आत ती वारली.

अण्णांनी जमिनीचा उंचसखलपणा मोजायची जुनी लेव्हल मांडली. त्या रेषेवर सात ठिकाणी पट्टी धरून वाचने घेतली. केसाएवढाही उंचवटा नव्हता.

"सपाट हाय," त्यांनी आरोहीला बजावले. "पाय उचलायचा न्हाय."

"आन् ठेच लागली तर?"

"कशाला लागंल? मी मोजलंय."

रविवारी आरोही सर्वांच्या पुढे होती. वळणावर सात जणींनी पाय उचलले.

तिने उचलला नाही.

ती तोंडावर आपटली. बाकीच्या निघून गेल्या.

अण्णा धापा टाकत पोचले. त्यांच्याआधी तिच्यापाशी कोणी आले नव्हते. धावपट्टीवर ओरखडाही नव्हता. आरोही उठून बसली होती. ती रडत नव्हती, त्यांच्याकडे पाहतही नव्हती.

तिचा गुडघा फुटला होता, पण रक्त थांबले होते. रानात तण भांगलणाऱ्या बायका लावतात तसा, चुरगाळलेला दगडी पाला कोणीतरी जखमेवर दाबून बसवला होता. त्याचा हिरवा रस अजून तिच्या नडगीवरून ओघळत होता.