कोळंब्या मोजायचा वार

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, तेव्हा आत माझी भाची होती आणि तिच्या हातातल्या पाण्याच्या पिशवीत माझ्यासाठी पाळायला घेतलेला मासा. केवढा म्हणाल तर... जाऊ दे, आज खरंच सांगायचंय. बोटभर.

वरून दुरुस्तीवाल्याचा आवाज आला, "आत किती जण?"

"दोघं. मी आणि एक मासा."

थोडा वेळ नुसती पान्याची खटखट. मग, "घाबरलाय का?"

"तो नाही..."

दहा मिनिटांच्या कामाला पठ्ठ्याने पाऊण तास लावला. पुढच्या रविवारी जॅमची बरणी घेऊन दारात हजर. बरणीत बारा कोळंब्या, नखाएवढ्या, काचेसारख्या आरपार. त्याने घरी पाळलेल्या.

मासा यांना गट्ट करील, असं भाची म्हणाली. लपायला जागा असली की नाही करत, असं म्हणून त्याने माशाच्या काचेच्या टाकीत, कोपऱ्यात शेवाळाचा झुपका बसवला. मग टाकीतलं पाणी चमच्याचमच्याने बरणीत घालत बसला. कोळंब्यांना नवं पाणी एकदम सोसत नाही म्हणे.

"इतकं हळू?"

"घाई केली की दगावतात."

"कोळंब्याच ना?" ती म्हणाली, आणि त्याचा चमचा बरणीबाहेर सांडला.

तेव्हापासून रविवार हा कोळंब्या मोजायचा वार झाला. दोघं काचेला नाक लावून बसायची. आठ, नऊ... नवापाशी हमखास चुकायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी खुर्चीतून ठणकावायचो, अकरा आहेत, बारावी दगडामागे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली ही नजर, समोरच्या गच्चीवरच्या डासाच्या पापण्या मोजून दाखवीन.

मला एकही दिसत नव्हती. वर्षभर डोळ्यांत मधोमध धुकं साचलेलं. पण सांगणार कुणाला? बहिणीमागे तिची ही पोर मीच वाढवली. कळलं असतं, तर तिने या घराचा उंबरा कधी ओलांडला नसता.

मग त्याला समुद्रापलीकडे काम मिळालं, उंच इमारतींमध्ये लिफ्ट बसवायचं. पाच वर्षं. काचेतल्या तिच्या प्रतिबिंबाकडे बघत त्याने विचारलं, "येशील?" तीही प्रतिबिंबालाच हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी नवी बॅग आली. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, निघा एकदाचे, मला मोकळेपणी घोरू द्या.

त्याच आठवड्यात माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठल्याचं भाचीने सांगितलं. संध्याकाळी येताना औषध आणते म्हणाली आणि कामावर गेली. मी म्हटलं, एवढं तरी आपण करावं. कपाट चाचपलं, आधीच्या माशाच्या वेळची औषधाची बाटली हाताला लागली, मोजून दहा थेंब टाकले.

संध्याकाळी ती टाकीपुढे उभी राहिली आणि मला एकेक सांगत गेली. मासा ठणठणीत होता. बाराही कोळंब्या गुलाबी होऊन तळाशी पडल्या होत्या.

तिने बाटली माझ्या डोळ्यांपुढे धरली. "मामा, वाच."

"रोज दहा थेंब," मी ठोकून दिलं. "अक्षर बारीक आहे, पण..."

"ही कोरी बाजू आहे, मामा."

मग तिनेच दुसरी बाजू वाचली. औषधात तांबं होतं. टाकीत कोळंबी असल्यास वापरू नये, असं लाल अक्षरांत छापलेलं.

रविवारी तो मोजायला आला. मी थापांचा नुसता पाऊस पाडला. चुलतबहीण माझ्या सोबतीला राहायला येतेय, डॉक्टर म्हणतात महिन्यात दृष्टी परतेल. दोघांपैकी कुणीच हसलं नाही. ती येत नसेल तर मीही इथेच थांबतो, असं तो म्हणाला. पण त्याच्या दोन धाकट्या बहिणींचं शिक्षण त्या नोकरीवर होतं. भाचीने ते बोलणं पुरं होऊच दिलं नाही.

निघताना त्याने बाहेरून दार ओढून घेतलं. पावलं मात्र वाजली नाहीत. मग दारापलीकडून आवाज आला, "आत... किती जण?"

ती दाराला टेकून उभी होती. तिचा श्वास मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होता.

"दोघं," ती म्हणाली. "मी आणि मामा."

आताही रविवारी ती टाकीपुढे बसते. नव्या कोळंब्या आणल्यात म्हणते. मी विचारतो, "किती गं?"

"बारा. सगळ्या आहेत."

त्या टाकीच्या वाळूत औषध मुरलंय, तिथे कोळंबी तग धरत नाही, हे तोच जाताना सांगून गेला होता. ते मी ऐकलंय, हे तिला ठाऊक नाही. थापा मारायला पोरगी माझ्याकडूनच शिकली, पण आवाज सांभाळायला नाही शिकली. नवापाशी अजून अडखळते.

"बरोबर," मी म्हणतो. "मीही बाराच मोजल्या."