खांबांवरच्या घरातली राणी

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. मी शपथा घेणार नाही. पण हे माझ्याच घरात घडलंय, आणि मी अजून त्याच घरात राहते.

१९५४ सालचं नवरात्र. कुंभकोणम्. कावेरीकाठी नवी वस्ती उभी राहत होती, तिथलं अगदी शेवटचं घर आमचं.

घर जमिनीवर नाही, खांबांवर. बांधणारा त्रिविक्रम जहाजावर कारकून होता. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर, डार्विन बंदराजवळच्या वस्तीत त्याने तशी घरं पाहिली होती. खाली मोकळं, वर माणसं, चारी बाजूंनी समुद्राचा वारा. इथे समुद्र नाही, पण पुराचं पाणी येतं. म्हणून त्याने हुबेहूब तसंच बांधलं.

आणि गृहप्रवेशाच्या आधीच वारला.

ते घर कोणी घेईना. आम्ही घेतलं. सासरी माजघराच्या एका कोपऱ्यात संसार केला होता मी. स्वतःची चूल पहिल्यांदाच मिळाली होती.

नवरात्रात आमच्याकडे पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. त्याला कोलू म्हणतात. सगळ्यांत वर आईने लग्नात दिलेली लाकडी राणी ठेवली. विजयादशमीला तिला आडवं करून झोपवायचं, म्हणजे कोलू संपला. त्याआधी झोपवणं अशुभ.

पहिल्या संध्याकाळी दिवा लावून वळले...

राणी आडवी होती.

उंदीर असेल म्हटलं. उभी केली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी... पुन्हा आडवी. डोक्याखाली घडी घातलेलं फडकं.

उंदीर काही उशी देत नाही!

मग आवाज सुरू झाले. फळ्यांच्या जमिनीखाली कोणीतरी चालत होतं... मी जाईन तिकडे, अगदी माझ्या पावलांखाली.

माझे यजमान मुकुंदराव कंदील घेऊन खाली जाऊन आले. ओल्या वाळूत फक्त त्यांचीच पावलं होती.

शेजारची गोमती हळदीकुंकवाला आली, ती जिन्यातच थांबली.

"अक्का, मज खालून कोणी हाक मारली. माझ्या नावानं."

कुंकू न लावताच परतली. मग वस्तीतली एकही बाई फिरकली नाही.

"धनम्, दशमीपर्यंत बघूं," मुकुंदराव म्हणाले. "मग परत आईकडे जाऊं."

"तुम्हांस जावयाचं तर जावा. मी त्या कोपऱ्यांत परत निजणार नाहीं."

अष्टमीला राणी पुन्हा आडवी.

माझं डोकंच फिरलं. हातात उलथनं होतं, तेच फळ्यांवर आपटलं.

"त्रिविक्रमा! घर तूं बांधलंस, कबूल. पण चूल मी पेटवली आहे. राहावयाचं तर खालीं राहा. माझ्या राणीला हात लावूं नको!"

खालची पावलं थांबली...

नदीकाठचे बेडूकसुद्धा गप्प झाले.

भीती वाटली का? वाटली. तरी राणीला उभं केलंच.

या वेळी ती उभी राहिली. माझा आरडाओरडा शेजारी ऐकू गेला असावा; नवमीला गोमती आली, तिच्या मागोमाग सगळ्या बायका आल्या. सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, वाटता वाटता माझे हात दुखले. जिंकले म्हणून किती खूश झाले होते मी!

दशमीच्या संध्याकाळी आरती केली. राणीला माझ्या हाताने झोपवलं. तबक ठेवून वळले...

राणी उभी होती.

झोपवली. वळले...

उभी.

मुकुंदरावांनी कंदील उचलला. "आतां तरी चल," म्हणाले.

"नाहीं."

बाकीच्या बाहुल्या पेटीत गेल्या. राणी त्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या फळीवर उभी आहे. फळ्यांखालची पावलं बंद झाली. ती कुठे गेली, हे मी स्वतःला विचारत नाही.

घर मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. फक्त स्वयंपाक करताना मी राणीकडे पाठ करत नाही.