खालचं माप

जेवत असाल तर आधी जेवून घ्या. मग वाचा.

हे खरं घडलेलं आहे. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत. ती माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. मी यात पदरचं काहीही घातलेलं नाही. उलट एक-दोन गोष्टी गाळल्यात, कारण त्या लिहिताना मलाच मळमळायला लागलं.

आणि रात्र-बित्र नव्हती. सगळं भर दिवसा घडलं, दुसऱ्या मजल्यावरच्या उजेडाच्या स्वयंपाकघरात. ताई कामावर असताना.

ताई कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि तिच्या लॅबमध्ये पाठवतात. त्या मापात ती प्लास्टर ओतते, जबड्याचा साचा काढते आणि त्यावर गुलाबी मेण लावून दात बसवते. दिवसभर लोकांची तोंडं हातात. तिला कशाची म्हणून किळस यायची नाही. निदान तेव्हा तरी.

घटस्फोटानंतर ती एकटीच राहायची. संध्याकाळी कुलूप उघडलं की घर खायला उठायचं. म्हणून तिनं कुत्र्याचं पिल्लू आणलं. पोट जमिनीला टेकलेलं, सारखं लोळणारं. नाव पडलं लोळ्या. दार उघडल्यावर कुणीतरी आपल्याकडे धावत यावं, एवढीच तिची हौस होती.

पण नोकरी तर करायलाच हवी. मग सकाळी लोळ्याला स्वयंपाकघरात ठेवायचं, दारात आडवी फळी लावायची, खाली वर्तमानपत्रं पसरायची. एका वाटीत पाणी, एका वाटीत दूध-ब्रेड. तो रडायचा. जिना उतरेपर्यंत ऐकू यायचं. संध्याकाळी येऊन बघावं तर फरशीभर घाण आणि हा त्यातच लोळलेला. खालच्या मजल्यावरची शेजारीण रोज जिन्यात अडवून ऐकवायची, एवढंसं लेकरू कोंडून जाता, तुमचा जीव तरी कसा होतो म्हणून.

आणि एक दिवस...

स्वयंपाकघर स्वच्छ होतं.

वर्तमानपत्रं कोरडी. फरशी लख्ख. लोळ्या ओट्याखाली पाय ताणून झोपलेला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.

ताईला वाटलं, शहाणं झालं पोर. मला फोन करून तिनं इतकं कौतुक केलं, जणू तो वकिलीची परीक्षा पास झाला होता. शेजारीणही खूश होती. तुम्ही गेलात की जरा कुईकुई करतं, मग एकदम गप्प होतं, म्हणाली. आणि जाता जाता तिनं सहज विचारलं.

"दुपारी कामाला बाई लावली का?"

"नाही. का हो?"

"नाही, वरून आवाज येतो. ओलं फडकं ओढल्यासारखा. बराच वेळ."

ताईनं मनाची समजूत घातली. पिल्लूच कागद ओढत असेल.

त्या संध्याकाळी ती अनवाणी स्वयंपाकघरात शिरली आणि पाऊल फरशीला चिकटलं.

ती वाकली. खिडकीतून उन्हाची तिरीप येत होती. त्या उजेडात फरशीवर पट्टे दिसले. रुंद, एकाला एक लागून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. वाळून चकाकणारे...

कुणीतरी फरशी चाटली होती. सगळी.

तिनं लोळ्याला उचललं. त्याचं डोकं ओलं होतं. केस एकाच दिशेला चापून बसलेले. तिनं वास घेतला आणि तो वास तिला ओळखू आला. वर्षानुवर्षं न धुतलेली कवळी दुरुस्तीला आली की डबी उघडताना येतो, तो. तोंडाचा वास. म्हाताऱ्या, बंद तोंडाचा.

दूध-ब्रेडच्या वाटीतलं दूध होतं तसं होतं. ब्रेड मात्र नव्हता. आणि तिनं लोळ्याला खाली सोडल्याबरोबर तो ओट्याखाली पळाला, जिथून सिंकचा पाइप भिंतीत जातो तिथं. तिथं एक गोळा पडला होता. चघळून चघळून राखाडी झालेला ब्रेड, लाळेनं लिबलिबीत. ताईनं तो ओढून घ्यायला हात घातला.

गोळा कोमट होता.

लोळ्यानं तिच्या बोटांमधून तो मिटक्या मारत खाल्ला.

ताई बाथरूममध्ये जाऊन ओकली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणाच्या तरी तोंडाची किळस आली.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, पिल्लू एकदम ठणठणीत आहे. तिनं आडून आडून विचारलं तर ते हसले.

"ही आईची कामं. कुत्री पिल्लांची घाण चाटून साफ करते, खाल्लेलं ओकून त्यांना भरवते. पण तुमच्या घरात आई कुठली?"

ती लोळ्याला घेऊन घरी आली.

तेव्हाच ते मेण सापडलं. घरी करायला आणलेल्या कामातली मेणाची एक चपटी पाटी ओट्यावर राहिली होती. ती लोळ्याच्या अंथरुणाजवळ पडलेली दिसली. तिच्यावर चावा होता.

कुत्र्याचा नव्हता. लोकांना साधं मेण दिसलं असतं, ताईला तोंड दिसलं. माणसाचा वरचा जबडा. एकही दात नाही. टाळूच्या वळ्यासुद्धा स्पष्ट. आणि थंड मेणावर असं काही उठत नाही, त्याला ऊब लागते. म्हणजे कुणीतरी ते बराच वेळ तोंडात धरून बसलं होतं...

आता बघा हं, आपल्यासारख्या बाईनं ते चिमट्यानं उचलून कचऱ्यात टाकलं असतं. हिनं काय केलं? लॅबमध्ये नेलं आणि त्यात प्लास्टर ओतलं. हाताची सवय म्हणाली. माप समोर आलं की हात थांबत नाहीत म्हणाली. कोणाचं आहे ते बघायचं होतं म्हणाली. आता टाळू बघून कोण ओळखू येणार होतं, देव जाणे. साचा तिनं लॅबमध्येच वाळायला फळीवर ठेवला आणि सुट्टी घेऊन घरी बसली. जे येतं त्याला एकदा बघायचंच, असं तिनं ठरवलं होतं.

ती घरी होती तोवर काहीच आलं नाही.

लोळ्या मात्र ओट्याखाली पाइपकडे तोंड करून बसायचा. ताईनं हाक मारली तर मान वळवायचा नाही. वाटीला शिवायचा नाही. फक्त वाट बघायचा. ज्याच्यासाठी तिनं हे पिल्लू आणलं, ते धावत येणं तिच्या वाट्याला आलंच नव्हतं. ते भलतंच कुणीतरी घेऊन गेलं होतं. हे सांगताना ताई रडली होती.

सुट्टी संपली. ती लॅबमध्ये गेली तर मालकांनी तिच्यापुढे एक डबी ठेवली. साच्यावर डॉक्टरचं नाव नव्हतं, तेव्हा घाईत नाव घालायचं राहिलेलं काम असणार असं समजून त्यांनी ते स्वतःच उरकलं होतं.

"वरची कवळी तयार आहे. खालचं माप कधी येणार?"

ती डबी ताईनं पर्समध्ये टाकली आणि संध्याकाळी घरी येताना नाक्यावरच्या कचराकुंडीत फेकली. कचऱ्याची गाडी ती कुंडी रिकामी करेपर्यंत समोर उभी राहिली. मग वर गेली.

स्वयंपाकघर शांत होतं.

फरशी ओली होती. या वेळी अजून वाळलेलीही नव्हती.

ओट्याखालचा गोळा आज अगदी बारीक होता. नीट चावलेला. दातांनी...

लोळ्याच्या पाण्याच्या वाटीत वरची कवळी भिजत पडली होती. म्हातारी माणसं झोपताना ठेवतात तशी. दातांच्या फटींत ब्रेड अडकलेला, आणि पाण्यावर तवंग.

वाटीशेजारी मेणाची दुसरी पाटी होती. ती ताईनं कपाटात बंद करून ठेवली होती. आता ती ताईच्या दिशेनं सरकवून ठेवलेली होती, कुणी काउंटरवर काम देऊन जावं तशी.

तिच्यावर खालचा जबडा उठला होता.

ताईनं पिल्लू काखोटीला मारलं आणि तशीच, अनवाणी, माझ्याकडे आली. त्या घरात ती परत गेली नाही. सामान मजुरांकडून मागवलं. आधी तिथं कोण राहत होतं हे घरमालकाला विचार म्हटलं, तर नको म्हणाली.

माझ्याकडे बरं आहे. मी घरीच शिवणकाम करते, त्यामुळे लोळ्या कधी एकटा नसतो. पण तो खाईना. दूध नको, ब्रेड नको, डॉक्टरनं दिलेलं महागाचं खाणंही नको. बरगड्या दिसायला लागल्या. जीव जाईल की काय अशी वेळ आली.

मग परवा मी स्वयंपाकघरात गेले. ताई भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे गाल हलत होते. तिनं ओंजळीत तोंड रिकामं केलं आणि ओंजळ खाली धरली.

लोळ्या तिच्याकडे धावत गेला. कान मागे टाकून, शेपूट हलवत.

मी म्हटलं, "ताई, काय करतेस हे?"

तिनं तोंडही पुसलं नाही.

"दुसरं काय करू? मरू देऊ त्याला?"

तेव्हापासून ती रोज कामावर जायच्या आधी आणि आल्यावर त्याला असं भरवते. दुपारचं तू बघ, म्हणाली आहे. मी स्पष्ट नाही सांगितलं. माझ्या तोंडातला घास मी कुणाला द्यायची नाही. माझ्या हातून ते व्हायचं नाही.

आज दुपारी स्वयंपाकघरात हे लिहायला बसले तेव्हा लोळ्या माझ्या समोर बसला होता. वाटी भरलेली. तो एकटक माझ्या तोंडाकडे बघत होता. मधून मधून कुईकुई करत होता.

आता तो गप्प झालाय.

माझ्याकडे बघायचाही थांबलाय. उठून ओट्याखाली गेलाय, आणि तिथं, पाइपापाशी, त्याचं शेपूट हलतंय.