डावीकडचा वाटा

पुनर्वसन कक्षात पलंगावर न्याहारी मिळत नसे. ज्याला घरी जायचे आहे त्याने उठावे, आपले कपडे आपण घालावेत आणि भोजनघरापर्यंत आपल्या बळावर यावे, असा तिथला दंडक होता. त्यामुळे रोज सकाळी त्या लांब मार्गिकेतून चाकांच्या खुर्च्यांची, चौपायी आधारांची आणि दमलेल्या श्वासांची एक संथ मिरवणूक निघे. आणि तीत तौनो हिएताला, एका पायात बूट व दुसऱ्या पायात नुसता मोजा, अशा थाटात पण मोठ्या रुबाबाने सामील होई.

"म्हाताऱ्या, डावा बूट विकायचा असेल तर आधी मला विचार," शेजारच्या पलंगावरचा लॉर्न खुर्चीतून ओरडे. "मला तसाही तेवढाच लागतो." लॉर्न जन्मभर रेल्वेत होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली साखरेने नेला होता; जीभ मात्र शाबूत ठेवली होती.

तौनो खाली बघे, आणि त्याला सारे ठाकठीक दिसे.

जानेवारीत, सरोवराकाठच्या आपल्या घरामागे लाकडे फोडत असताना, त्याच्या मेंदूच्या उजव्या भागातली एक रक्तवाहिनी बंद पडली. हात परत आला, पाय परत आला. डावी बाजू परत आली नाही. डोळ्यांत दोष नव्हता. पण जगाचा डावा अर्धा त्याच्या हिशेबातूनच पुसला गेला होता. तिथे काळोख असता तर निदान काळोख तरी दिसला असता. तिथे काहीच नव्हते, आणि त्या काही नसण्याला कडही नव्हती. तो अर्धी दाढी करी, अर्धे ताट जेवी, आणि अगदी प्रामाणिकपणे सांगे की झाले.

कोलेट या कक्षातली उपचारिका, रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारी. तिने त्याच्या ताटाच्या, आरशाच्या, टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावली होती. "तौनो, रेघ सापडेपर्यंत मान वळवायची. रेघ सापडली की तिथून सुरुवात. विसरायचं नाही."

"लक्षात आहे गं पोरी," तो म्हणे, आणि उजवीकडून सुरुवात करी.

प्रश्न घराचा होता. थंडर बे शहर मागे टाकून उत्तरेला बराच वेळ गेले की अरण्यातून एक कच्चा रस्ता फुटतो; त्याच्या टोकाला ते घर. बापाने बांधलेले, लाकडाच्या शेगडीवर तापणारे, पाण्याच्या कडेला सौनाची, म्हणजे वाफेने न्हाण्याची, वेगळी खोली असलेले. ज्याला शेगडीची अर्धी बाजू दिसत नाही त्याने विस्तवाशी एकटे राहू नये, असे डॉक्टरांचे मत होते. मुलगी इर्या शहरातला एक वृद्धनिवास बघूनही आली होती. "खोली छान आहे हो बाबा," ती म्हणाली होती, "खिडकीसुद्धा आहे." खिडकीतून काय दिसते ते तिने सांगितले नाही, त्यानेही विचारले नाही. निकाल सरावघरात लागायचा होता.

सरावघर मार्गिकेच्या शेवटी होते. चूल, मोरी, जेवणाचे टेबल, नीट घातलेला पलंग. पडदे होते; पडद्यांमागे खिडकी नव्हती, रंगवलेली भिंत होती. घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने तिथे एक जेवण स्वतः रांधून दाखवायचे. तिथे कोणीही राहत नसे, पण असंख्य माणसांनी तिथे राहण्याचा सराव केला होता. आणि त्यांतले सगळेच काही नंतर आपापल्या घरी पोचले नव्हते.

पहिल्यांदा ते लापशीत दिसले.

सकाळी ओटची लापशी असे, मधोमध लोण्याचा गोळा. तौनोच्या वाटीत रोज डावीकडे एक पांढरी अर्धचंद्राकार कोर उरे. एके दिवशी परिचारिका वाटी उचलताना म्हणाली, "शाब्बास! आज चाटून-पुसून खाल्लंत." त्याला आनंद झाला. मार्गिकेतून परतताना मात्र तो थबकला. आज आपण मान वळवली नव्हती. आणि पोटात रोजचीच अर्धी भूक तशीच होती.

मग दाढी. आरशासमोरून उठताना कोलेटने दोन्ही गालांवरून बोट फिरवले आणि टाळी वाजवली. मग सदऱ्याची डावी बाही, जी एरवी मागे लोंबत राही. मग बूट. डाव्या बुटाची नाडी घट्ट बांधलेली होती. पण गाठ उलटी होती. शेजारी बसून दुसऱ्याच्या पायाला बांधली तर पडते तशी.

"माझा बूट तू बांधलास?" त्याने लॉर्नला विचारले.

"मी? मी वाकलो तर मला उचलायला अख्खा वॉर्ड लागेल, बाबा."

कोलेट खूश होती, आणि थोडी गोंधळलेलीही. "मान काही वळत नाही तुमची," ती म्हणाली, "पण काम होतंय. कसं, ते तुम्हालाच ठाऊक."

जो माणूस सांगेल की माझी डावी बाजू दुसरेच कोणी तरी सांभाळते आहे, त्याला घरी कोण सोडेल?

दुपारी उन्हाच्या खोलीत दोघे म्हातारे बसत. खाली गोठलेले बंदर, धान्याची उंच कोठारे, आणि त्यापलीकडे पांढरे, निश्चल सुपीरियर सरोवर. लॉर्नने सौनाचा विषय काढला. तौनोसारखे फिन्निश लोक एवढ्या वाफेत शिजत कसे नाहीत, हे त्याला आयुष्यभराचे कोडे होते.

"शेवटची वाफ आम्ही घेतच नाही," तौनो म्हणाला. "सगळ्यांचं झालं की तापल्या दगडांवर एक पळी पाणी टाकायचं आणि बाहेर पडायचं. ती वाफ तिथे राहणाऱ्याची."

"कोण राहतो?"

"असतो. प्रत्येक वास्तूचा एक असतो. नाताळात त्याला पायरीवर लापशी ठेवायची, लोणी घालून. पण आई एका गोष्टीला फार जपायची. वाटा ठेवताना कोणासाठी ठेवतोय ते तोंडाने म्हणायचं. न म्हणता ठेवलेला वाटा कोणीही उचलतो."

"उचलला तर?"

"तर मग तो कामाला लागतो. खाल्लेलं फेडतो."

"वा! फुकटचा गडी!" लॉर्न खदखदून हसला. "मलाही एक बघ ना. तंगडीसकट."

"तो गडी नसतो रे. तो घरचा होतो. मग जात नाही."

लॉर्न हसतच होता. तौनोचे हसू अर्ध्यावर थांबले. जानेवारीपासून, प्रत्येक जेवणाला, तो अर्धे ताट ठेवत आला होता. डावा अर्धा, नेमाने. कोणाचेही नाव न घेता.

तरीही तो गप्प राहिला. घराची ओढ माणसाला कशाकशाशी जुळवून घ्यायला लावते! सरावघरात तो कांदा परते, आणि डावीकडची, त्याच्या ध्यानातही नसलेली ज्योत वेळेवर मंद होई. डाव्या बाहीला गारवा लागे. ओल्या लोकरीचा आणि विझलेल्या राखेचा वास येई. आपला श्वास संपला की किंचित मागून दुसरा संपतो, असे त्याला वाटे. श्वास रोखून धरला, की तोही थांबे. भिंतीवरचे पडदे वाऱ्याविना स्तब्ध असत. कोलेट म्हणे, "सुंदर."

रविवारी इर्या आली. जाताना तिने वाकून त्याला मिठी मारली, आणि थोडा वेळ तशीच राहिली. मागे झाली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"किती दिवसांनी असे केसांतून हात फिरवलात, बाबा. आईच्या मागे कधीच नाही."

तौनोने आपले हात बघितले. उजवा खुर्चीच्या दांड्यावर होता. मान कष्टाने ओढत त्याने डावा शोधला; तो घोंगडीखाली होता, अगदी सकाळी ठेवला होता तसा.

"थंड होता हात," इर्या डोळे पुसत हसली. "मोजे घाला हातात."

जे त्याच्या ताटातून खात होते त्याची त्याला भीती वाटली नव्हती. जे त्याच्या मुलीच्या केसांपर्यंत पोचले, त्याला त्याने त्या क्षणी नकार दिला. घरी जाईन, त्याने ठरवले. पण माझ्या अंगाने जाईन. नाहीतर नाही.

दुसऱ्या सकाळी त्याने मान वळवली. मानेची शीर तटतटली, कपाळावर घाम आला, आणि दरवेळी त्याला वाटे की आता जग संपले, यापुढे वळायला काही उरलेले नाही. आणि मग, जगाच्या त्या काठाच्याही पलीकडे, लाल रेघ उगवे. त्याने चमचा तिथवर नेला. लापशीच्या डाव्या अंगावर एका चमच्याची ताजी खूण आधीच उमटलेली होती. त्याने ती खुणेसकट खाल्ली. वाटी पावाने पुसून घेतली. पोट भरून दुखेपर्यंत त्याने ताटात कण म्हणून ठेवला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे एकाही जेवणाला नाही.

डावा बूट पुन्हा सुटा राहू लागला. अर्धी दाढी परत आली.

"घे! गडी पळाला," लॉर्न म्हणाला.

"मागच्या आठवड्यात किती छान चाललं होतं, तौनो," कोलेट खरोखरच काळजीत पडली. "काय झालं? थकलात का? परीक्षा पुढे ढकलू या?"

"ढकलायची नाही." त्याने स्वतःच पायाकडे वाकून डावी नाडी हातात धरली. ती बांधायला सबंध सकाळ गेली. गाठ वेडीवाकडी होती. पण त्याची होती.

परीक्षेच्या दिवशी सरावघरात तिघे होते. तौनो, कोलेट, आणि कोपऱ्यात कोट मांडीवर घेऊन बसलेली इर्या. दोघांसाठी लापशी करायची होती.

तो सावकाश करत होता. आधी मान, मग रेघ, मग हात. फडताळ शोधले. वाट्या शोधल्या. डाव्या चुलीवर पातेले ठेवले आणि ज्योत स्वतः लावली.

लापशी रटरटू लागली. राखेचा वास आला.

त्याने डावा हात पातेल्याच्या दांड्याकडे नेला. बोटे दांड्याभोवती मिटेनात. दांडा मोकळा होता, त्याला दिसत होता. पण तिथे जागा नव्हती. कोणीतरी आधीच धरलेल्या काठीला दुसऱ्याने हात घालावा, तसे झाले.

चुलीवर फेस चढू लागला. कोलेट अर्धवट उठली.

"यापुढे काही उरणार नाही," तौनो हळू आवाजात म्हणाला. "तुझा वाटा नाही. तू जा."

"कोणाला म्हणालात?" कोलेटने विचारले.

"लापशीला."

इर्या हसली.

बोटे मिटली. दांडा मोकळा झाला होता. त्याने पातेले उचलले, टेबलापर्यंत नेले, दोन्ही वाट्या काठोकाठ भरल्या आणि चूल विझवली. डाव्या बाहीला कुठलाही गारवा लागला नाही. श्वास एकच होता, आणि तो त्याचा होता.

"हळू झालं," कोलेट म्हणाली, "पण आज पहिल्यांदा सगळं तुम्ही केलंत असं वाटलं. जा घरी."

निघताना लॉर्नने त्याचा हात बराच वेळ सोडला नाही. "सौनात शिजू नकोस रे," एवढेच म्हणाला.

मार्च सरत आला होता, तरी उत्तरेकडे हिवाळा हलला नव्हता. इर्या गाडी चालवत होती. आठवड्याने सामाजिक सेविका येईल, रोज फोन करायचा, शेगडीजवळ मीही लाल पट्टी लावणार, असे ती बजावत राहिली आणि तो सगळ्याला हो म्हणत राहिला. कच्च्या रस्त्याला वळल्यावर भुरभुर बर्फ पडू लागले. झाडी उघडली आणि घर दिसले: थंड धुराडे, बंद दार, आणि अंगणात जानेवारीपासून साचलेले, गुडघाभर, अस्पर्श बर्फ. पाखराचे पाऊलसुद्धा नाही.

तौनोने खोल श्वास सोडला. "कोणी फिरकलं नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात एवढे सुख होते की तोच लाजला.

इर्याने इंजिन बंद केले. ती काचेतून समोर बघत होती.

"बाबा, फावडं कोणाला दिलं होतंत का?"

"कोणाला देणार? शेडमध्ये आहे. का?"

"मग ही अर्धी वाट कोणी काढली?"

तौनोने मान वळवली, शिकवली होती तशी, सावकाश, जग संपते त्या काठापर्यंत, आणि काठाच्या पुढे. गाडीपासून दारापर्यंत वाटेचा डावा अर्धा काळ्या मातीपर्यंत स्वच्छ काढलेला होता. एक माणूस चालेल एवढा रुंद, आणि मधली कड सुरीने कापावी तशी सरळ. उजवा अर्धा त्याच्यासाठी ठेवलेला होता.

बर्फ वाटेवर सगळीकडे सारखेच पडत होते. डावीकडे ते टिकत नव्हते.