खोलीतून एक माणूस वजा

आधीच सांगते, हसायचं नाही. हे माझ्या सख्ख्या मामीच्या बाबतीत घडलंय. आणि मामी म्हणजे भुताच्या सिनेमात घोरणारी बाई! हे सांगताना मात्र तिच्या हातातला कप तसाच राहिला. चहा गार झाला.

रात्रबित्र काही नव्हती हं. मंगळवार. दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन.

मामी ड्रायव्हर दुरुस्त करते. गाडीचे नव्हेत! यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्यालाही ड्रायव्हरच म्हणतात. त्यातले आकड्यांचे घोळ निस्तरायचे, हे तिचं काम.

त्या दिवशी तिला एका तळघरात बोलावलं होतं. तिथे जुन्या फिल्म्सची रिळं ठेवतात. ती भर्रकन पेट घेतात. म्हणून खोली रिकामी झाली की दार आपोआप लॉक होतं आणि यंत्र आतला प्राणवायू कमी करतं.

खोली रिकामी आहे हे यंत्राला कसं कळतं? दाराला दोन अदृश्य किरण आहेत. एक बाहेरच्या बाजूला, एक आतल्या. आधी बाहेरचा अडला, मग आतला, म्हणजे माणूस आत आला. आकडा एकाने वाढतो. उलट झालं तर एकाने कमी. शून्य झाला की लॉक; मग बाहेरून फक्त तिथल्या साहेबांच्या किल्लीने उघडतं.

तक्रार अशी होती, की रोज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी रिकाम्या खोलीचा आकडा व्हायचा...

पासष्ट हजार पाचशे पस्तीस.

मामीने लगेच ओळखलं. ड्रायव्हरमध्ये वजा चिन्हाला जागाच ठेवली नव्हती. शून्यातून एक गेला की आकडा गर्रकन फिरून सगळ्यात मोठा व्हायचा.

"शून्याच्या खाली जाऊच द्यायचा नाही. विषय संपला," मामी म्हणाली. दहा मिनिटांत दुरुस्ती झालीसुद्धा.

बरोबर तिचा ऑफिसातला सहकारी होता. सहा फूट दोन इंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणतात. तो डोकं खाजवत म्हणाला, "ताई, पण शून्यातून एक जातोच कसा?"

"एसीच्या वाऱ्याने काहीतरी हलत असेल. मी आत बसून बघते."

"बघा. भूत निघालं तर माझा नंबर देऊ नका."

"तुझा नंबर भूतही ब्लॉक करेल रे!"

साहेब किल्लीने दार उघडून वर ऑफिसात निघून गेले आणि मामी आत गेली. आकडा एक झाला. लंबू बाहेर, कोपऱ्यावरच्या टेबलाशी स्क्रीनसमोर. दोघांचे फोन चालू. मामी दाराकडे तोंड करून स्टुलावर बसली.

तीन आठ.

तीन नऊ.

एसीची घरघर थांबली...

आणि मागच्या रॅकमधून पावलं वाजली.

सावकाश. अगदी सावकाश. तिच्या पाठीशी आली. खांद्याजवळून गेली. मामीला मान वळवायची होती, पण मान ऐकेना.

समोरचं दार उघडलं.

दारात कोणीच नव्हतं.

दार मिटलं. खट्!

"ताई, शून्य झालं बघा," फोनवर लंबू म्हणाला. "काय दिसलं आत? आणि अशा न बोलता कुठे निघालात?"

"अरे, मी आतच आहे."

त्याने मागे वळून बघितलं. मग कुजबुजला...

"मग आत्ता माझ्या पाठीमागून कोण गेलं?"

मामीने हँडल ओढलं. लॉक. वर छतात पंखे फिरायला लागले. हवा बदलत होती.

आत एक लाल बटण असतं, संकटासाठी. तिने ते दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही. तेसुद्धा त्याच ड्रायव्हरला विचारून चालायचं! आत कोणी नाही, मग बटण दाबणार कोण?

डोकं जड व्हायला लागलं. माझा मामेभाऊ तेव्हा तीन वर्षांचा होता. मामी म्हणते, तिला फक्त त्याचे सकाळी उलटे घातलेले बूट दिसत होते.

"लंबू, दाराशी ये. पळ!"

"ताई, तिकडे ते..."

"ये म्हणते ना! बाहेरचा किरण हाताने अडव. आतला मी अडवते. यंत्राला वाटू दे कोणीतरी आत आलं."

आतून मामीचा हात, बाहेरून लंबूचा. मध्ये बंद दार.

काही झालं नाही.

"तू उशीर केलास! आधी तू, मग मी. एक म्हटलं की तू!"

"हो... हो ताई."

"एक!" तिने श्वास रोखला. "दोन!"

खट्!

दार उघडलं आणि मामी सरळ लंबूच्या अंगावर कोसळली. तो ढसाढसा रडत होता. एवढा मोठा माणूस!

त्या संध्याकाळी मामीने स्वतःची दुरुस्ती पुसून टाकली. आता ड्रायव्हरमध्ये वजा चिन्हाला जागा आहे. दार मात्र माणूसच लॉक करतो, आत नजर फिरवून, स्वतःच्या हाताने. आकड्याने नुसतं मोजायचं.

"खोलीत वजा माणसं कशी असतील?" साहेब चिडले होते.

"तीन दहाला तुम्ही बसा आत," मामी म्हणाली. साहेबांनी मुकाट्याने सही केली.

कारण मोजणी कधी चुकलीच नव्हती. एक जण खरंच बाहेर पडत होता. जो कधी आत गेलाच नव्हता.

आज आकडा आहे वजा दोनशे सहा.

दोनशे सहा जण बाहेर आलेत, की एकच जण रोज येतोय, हे मामीला सांगता येत नाही.

परवा ती आमच्याकडे आली होती. निघताना मी दार उघडलं, तर ती उंबऱ्याच्या अलीकडेच थबकली. बाजूला सरकली.

"चल ना गं मामी!"

"थांब," ती हळूच म्हणाली. "आधी त्याला जाऊ दे."